आजोबांकडे गेलेली पोरं

मास्तरीण कधीकाळी खरोखरच शाळेत शिकवत होती, पण त्याला जमाना झाला. वर्तमानपत्रात आल्यावरही तिची लाल पेनाची सवय सुटली नाही. कुणाच्याही बातमीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की तिचे हात शिवशिवायचे, म्हणून शिपायापासून संपादकांपर्यंत सगळी कचेरी तिला मास्तरीणच म्हणायची. बाई फटकळ होती, पण खोटं लिहिणार नाही ही तिची ख्याती. कुणाची बाजू घ्यायची तर ती नाव घालून घ्यायची आणि कुणाला झोडपायचं तर तेही नाव घालूनच.

त्या दिवसांत कचेरीच्या पायऱ्यांवर माणसं बसून असायची. शहराच्या त्या भागातली बरीच पोरं एका एजंटामार्फत परदेशात, बॅटऱ्यांच्या कारखान्यात कामाला गेली होती आणि त्या कारखान्यात आग लागली होती. तिकडच्या सरकारनं जाहीर केलं की आग किरकोळ होती, कुणी दगावलं नाही. पण त्या दिवसापासून एकाही पोराचा फोन लागत नव्हता. एजंट दुकानाला कुलूप ठोकून पसार झाला. न्हावी, पोस्टमन, शिंपी, जुळ्यांची आई, ज्यांची ज्यांची पोरं तिकडं होती ते सगळे पोलिसांकडे जाऊन आले, परराष्ट्र खात्याचे उंबरे झिजवून आले आणि कुठंच डाळ शिजेना तेव्हा वर्तमानपत्राच्या दारात येऊन बसले.

त्यांच्यात मास्तरिणीची धाकटी बहीणही होती. तिचा एकुलता एक मुलगा त्याच कारखान्यात होता. जन्मला तेव्हा इतका गुबगुबीत होता की त्याचं नाव गब्बू पडलं ते पडलंच. धाकटीचा नवरा केव्हाच घर सोडून गेला होता. ती घरी मशीनवर शाळांचे गणवेश शिवायची. मास्तरिणीला मूलबाळ नव्हतं. त्यामुळं गब्बू दोघींच्या हातांवर वाढला. लाड आईकडे, अंघोळ आणि पाढे मावशीकडे.

"ताई, तू तरी जा," धाकटी एके दुपारी म्हणाली. मशीन बंद होतं, पुढ्यात अर्धा शिवलेला सदरा पडला होता. "आम्हाला व्हिसा देत नाहीत. नातेवाइकांसाठी खिडकीच बंद केलीय म्हणतात. तू पत्रकार आहेस. तुला नाही म्हणायला त्यांना लाज वाटेल."

"लाज वाटणाऱ्यांपैकी असते तर पोरांचे फोन लागले नसते का?" मास्तरीण म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती संपादकांसमोर उभी राहिली.

संपादक सावध माणूस, निवृत्तीला आलेले. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"भाचा तुमचा तिकडं आहे ना?"

"आडनावं वेगळी आहेत."

"मी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगताय?" त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, परत काढला. "हे बघा, मला काही सांगू नका. मी काही ऐकलेलं नाही." आणि वर्तमानपत्रातर्फे तिला पाठवत असल्याच्या पत्रावर त्यांनी सही ठोकली.

पत्रकाराचा व्हिसा म्हणजे साधासुधा व्हिसा नव्हे. पर्यटकाला विचारतात, कुठल्या हॉटेलात उतरणार? पत्रकाराला विचारतात, कुणाला भेटणार, काय विचारणार आणि ते काय उत्तर देतील असं वाटतं? वकिलातीच्या खिडकीतल्या मुलीनं तिला कागदांची चळत दिली. आजवर लिहिलेल्या लेखांच्या प्रती द्या, त्यांचं आमच्या भाषेत भाषांतर करून द्या, कॅमेऱ्याचा नंबर लिहा, दोन प्रतिष्ठित जामीनदार आणा, दोन्ही कान दिसतील असे फोटो आणा. आणि मधेच एक रकाना होता : आमच्या देशात आपले कुणी नातेवाईक आहेत काय?

मास्तरिणीनं पेन उचललं. आयुष्यात दुसऱ्याचा चुकलेला अनुस्वारही खपवून न घेतलेली बाई. तिनं शाळेतल्या फळ्यावर लिहावं तशा सुबक अक्षरात लिहिलं, "नाही".

त्यानंतर हेलपाटे सुरू झाले. वकिलातीतला माहिती अधिकारी दिसायला देखणा, बोलायला लाघवी. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. दर वेळी तो स्वतः दारापर्यंत येऊन तिला आत न्यायचा.

"होईल की बाई. आमच्याकडे पत्रकारांना नाही म्हणायची पद्धतच नाही."

"मग हो म्हणायची पद्धत आहे का?"

तो मनापासून हसायचा. "आपले लेख वाचतोय आम्ही. नगरपालिकेवर फार कडक लिहिता आपण."

दर वेळी एखादा कागद कमी निघायचा. जामीनदाराची सही जुळत नसे, भाषांतरावर शिक्का नसे, फोटोत एक कान पुसट असे. ना धड हो, ना धड नाही, नुसतं भिजत घोंगडं. तिकडं पायऱ्यांवरची माणसं तिच्या तोंडाकडे बघत बसलेली. धाकटीला तिनं बजावलं होतं, तू आता तिथं बसायचं नाहीस. समोरच्या फुटपाथवरून वकिलातीचा एक माणूस अधूनमधून त्या घोळक्याचे फोटो काढायचा आणि दोघींचं नाक एकाच साच्यातलं होतं. धाकटी निमूटपणे घरी बसली.

मग अचानक घोंगडं वाळलं. गोडबोल्याचा स्वतःहून फोन आला.

"अभिनंदन बाई! व्हिसा तयार आहे."

ती खुर्चीत बसल्यावर त्यानं सरळच सांगितलं, "आपल्याशी आडपडदा कशाला? आमच्या कारखान्यांना माणसं हवी आहेत. आपल्या शहरात अफवा पसरल्यामुळं एकही मुलगा यायला तयार नाही. आपण या, डोळ्यांनी बघा, जे दिसेल ते लिहा. आपण खोटं लिहीत नाही असं लोक म्हणतात. आम्हाला तेच हवंय."

आपल्याला कशासाठी नेतायत हे मास्तरिणीला लख्ख कळलं. तिनं पासपोर्ट उचलला आणि आभार मानले.

तिकडं उतरल्यावर कळलं की व्हिसा म्हणजे नुसतं अंगणात पाऊल. घरात शिरायला माहिती मंत्रालयाचं ओळखपत्र लागतं. एका उंच छताच्या दालनात तिचा परत फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले आणि नियम वाचून दाखवले : कार्ड सतत गळ्यात हवं, सोबत्याशिवाय कुठं जायचं नाही, कुणाशी बोलायचं ते आधी सांगायचं आणि परत जाताना टिपणवही दाखवायची. कार्डावरचा तिचा फोटो एखाद्या पकडलेल्या चोरासारखा आला होता.

सोबती म्हणून दिलेला दुभाषा पन्नाशीचा, सडपातळ, मान थोडी वाकवून चालणारा. तो तिची भाषा पुस्तकांतून शिकला होता आणि पुस्तकासारखाच बोलायचा.

"आपण विश्रांती घ्यावी. उद्या प्रातःकाळी कारखाना पाहावयाचा आहे."

"इतकी शुद्ध भाषा आमच्याकडे आता कुणी बोलत नाही," ती म्हणाली.

"मला सराव मिळत नाही. आपल्याकडचे कामगार माझ्याशी बोलत नाहीत."

तो हे विनोदानं म्हणाला की तक्रारीनं, हे तिला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायचंच नाही.

कारखान्यात पाऊल टाकताच रंगाचा वास नाकात शिरला. भिंती नव्या, पत्रे नवे, कामगार नवे, कुठल्या तरी तिसऱ्याच देशातले. त्यांच्या राहायच्या दालनात पलंग, पलंगांवर घड्या न मोडलेल्या चादरी. दोन मजले असतील असं तिला गब्बूच्या फोनवरून वाटलं होतं. पण वरचा मजला नव्हताच, जिथं जिना असायला हवा होता तिथं भिंत लिंपलेली होती आणि तो गिलावा अजून ओलसर होता.

"इथं आधी जे कामगार होते, ते कुठं आहेत?"

व्यवस्थापक काहीतरी बोलला. दुभाष्यानं सांगितलं, "ते स्वगृही परतले."

"ते पोचलेले नाहीत."

दोघांचं आपसात बोलणं झालं. "मार्गात असावेत," दुभाषा म्हणाला.

तिनं वहीत तेच लिहून घेतलं, मार्गात असावेत.

जखमी कामगार कुठं आहेत, हे तिनं पहिल्याच दिवसापासून लावून धरलं होतं. आग किरकोळ होती असं तुम्हीच म्हणता, मग किरकोळ जखमींना भेटू द्यायला काय हरकत आहे? मंत्रालयानं विचारविनिमय केला आणि जाण्याच्या आदल्या दिवशी परवानगी आली. तुमच्या देशाचे चार रुग्ण आहेत, त्यांची उत्तम देखभाल चालू आहे, पाहून या.

इस्पितळातली खोली स्वच्छ होती. मोठी खिडकी, पांढरे पडदे, भिंतीलगत ओळीनं चार खाटा. पलीकडच्या कोपऱ्यात एक परिचारिका आणि बिनकामाचा एक धिप्पाड माणूस. मास्तरीण दारातच थांबली. तिसऱ्या खाटेवर डोळ्यांना जाड पट्टी बांधलेला एक मुलगा उशीला टेकून बसला होता. चेहऱ्याची एक बाजू सोलवटलेली, केस भादरलेले. हनुवटीवर एक खळी होती. त्या खळीत साबण राहायचा म्हणून तो लहानपणी अंघोळीच्या वेळी बोंबलायचा.

गब्बू जिवंत होता. आणि ती इथं त्याची कुणी नव्हती. तसं तिनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. आता कळलं तर तिला हाकलून देतील ते देतील, पण त्याचं काय करतील?

पहिल्या खाटेवरच्याशी दुभाष्यानं बोलायला सांगितलं. आता तोंड उघडावंच लागणार होतं आणि तोंड उघडलं की गब्बू आवाज ओळखणार. भीती वाटली ती याचीच. पोरगं "मावशी" म्हणून हंबरडा फोडेल आणि सगळं तिथंच संपेल.

तिनं घसा खाकरला. "नमस्कार. मी वर्तमानपत्रातून आलेय. कसे आहात तुम्ही?"

तिसऱ्या खाटेवरच्या मुलाचं डोकं झटकन वर झालं. पट्टीखालची चेहऱ्याची सगळी कातडी ताणली गेली. तो तसाच राहिला, श्वाससुद्धा न घेता. मग हळूहळू डोकं परत उशीला टेकलं आणि त्यानं दोन्ही हात चादरीखाली घेतले.

पहिला म्हणाला, "आमच्यावर चांगले उपचार चालू आहेत. आम्हाला कसलीही तक्रार नाही." दुसरा होता जुळ्यांपैकी एक. त्याचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. तोही म्हणाला, "आमच्यावर चांगले उपचार चालू आहेत. आम्हाला कसलीही तक्रार नाही." एका सुरात, कविता पाठ केल्यासारखं. "भाऊ कुठाय तुमचा?" असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्याला भाऊ आहे हे परक्या बाईला कुठून माहीत असणार? तिनं शब्द गिळला.

मग ती तिसऱ्या खाटेशी आली.

"तुम्ही कसे आहात?" तिनं विचारलं. ज्याला जन्मल्यापासून "अरे गब्ब्या, मेल्या" म्हणत आली, त्याला "तुम्ही" म्हणताना तिची जीभ जड झाली.

"मी बराय, मॅडम. विचारा तुम्ही." आवाज घोगरा झाला होता, पण स्थिर होता.

"डोळ्यांना काय झालंय?"

परिचारिकेनं मधेच काही सांगितलं. दुभाषा म्हणाला, "थोडी वाफ लागली. पुढील आठवड्यात पट्टी निघेल."

"हो, निघेल," गब्बू म्हणाला. "आता मला दिवासुद्धा लागत नाही, मॅडम. आईला सारखी काळजी, रात्री दिवा लावून वाचतो, डोळे बिघडतील म्हणून. आता ती काळजी मिटली."

तो हसला. मास्तरिणीनं वहीत काहीतरी खरडलं. काय खरडलं ते तिला दिसत नव्हतं.

"तुमच्या खोलीत आणखी कोण होतं? त्यांना भेटता येईल का?"

"ते इथं नाहीत. ते सगळे आजोबांकडे राहायला गेले."

आजोबा म्हणजे मास्तरिणीचे वडील. गब्बू शाळेत जायच्या आधीच ते वारले होते.

"आजोबा कोण?" दुभाष्यानं विचारलं.

"आमच्यातले एक जुने कामगार, साहेब. त्यांना सगळे आजोबाच म्हणतात. पोरांची हौस त्यांना. आले की ठेवून घेतात."

मास्तरिणीनं पान उलटलं. पानाचा आवाज उगाचच मोठा झाला. "कोण कोण गेलं त्यांच्याकडे? आमच्या वाचकांना बरं वाटेल ऐकून."

"न्हाव्याचा थोरला गेला. पोस्टमनचा धाकटा गेला. शिंप्याचा जावई तर पहिलाच गेला." शेजारच्या खाटेवरचा जुळा भिंतीकडे तोंड फिरवून पडला होता. गब्बू क्षणभर थांबला. "जुळ्यांतला डावखुरा गेला. आमच्या वरच्या मजल्यावरचं तर कुणी मागं राहिलंच नाही." आणि मग एकेकाची ओळख तो सांगत गेला, कुणाचा मेहुणा, कुणाचा भाचा, कुठल्या दुकानाशेजारचा, कोण तोतरं बोलायचा, कोण शीळ घालायचा. नाव एकाचंही घेतलं नाही. त्या भागात न राहिलेल्या माणसाला त्यातून काही कळलं नसतं. मास्तरिणीला प्रत्येकाचं घर दिसत होतं आणि घराच्या दारात उभं असलेलं माणूस दिसत होतं.

"तुम्ही नाही गेलात?"

"मी दाराजवळ झोपायचो. दार बाहेरून कडी लावून बंद असायचं, चोरांची भीती ना. ते उघडलं तेव्हा मी..."

"प्रश्न उपचारांविषयी असावेत," दुभाषा शांतपणे म्हणाला. कोपऱ्यातला धिप्पाड माणूस खुर्चीतून अर्धवट उठला होता.

"बरोबर आहे," मास्तरीण म्हणाली. "एकच शेवटचं. तुम्ही सांगितलंत ते मी छापलं तर तुमची हरकत नाही ना?"

ती त्याला काय विचारत होती हे दोघांनाही ठाऊक होतं. वाचलेले चारच. कुणी सांगितलं हे शोधायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता?

"त्यांच्या घरी निरोप तर गेलाच पाहिजे, मॅडम," गब्बू म्हणाला. "उगाच वाट बघत बसतील लोक."

तिनं पत्रकारानं करावं तसं हस्तांदोलनासाठी हात पुढं केला, त्याला तो दिसत नाही हे लक्षात आल्यावर त्याचा हात हातात घेतला. तळहाताला नवी पातळ कातडी आली होती. पेन धरून धरून तिच्या मधल्या बोटाला पडलेल्या घट्ट्यावरून त्यानं अंगठा एकदा फिरवला आणि हात सोडला.

"सहकार्याबद्दल आभारी आहे," ती म्हणाली.

"प्रवास सुखाचा होवो, मॅडम."

विमानतळावर त्यांनी तिची टिपणवही ठेवून घेतली, कॅमेऱ्यातले फोटो पुसले, गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. तिनं सगळं निमूट दिलं. त्या घरांची उजळणी ती रात्रभर मनात करत आली होती, पाढे म्हणावेत तशी. दुभाषा शेवटच्या फाटकापर्यंत सोबत आला. मान वाकवून त्यानं नमस्कार केला आणि म्हणाला,

"आपल्या आजोबांना आमचा नमस्कार कळवावा."

त्याला सगळं कळलं होतं? मग तिला जाऊ कसं दिलं? की हीच धमकी होती? तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण तो चेहरा म्हणजे बंद दार. मागचे लोक ढकलत होते. ती पुढं गेली.

धाकटीनं दार उघडलं तेव्हा तिच्या दातांत टाचणी होती.

"दिसला," मास्तरीण म्हणाली. "बोललासुद्धा."

धाकटी टाचणीसकट मटकन खाली बसली आणि हसत-रडत तिच्या पायांना मिठी मारून राहिली. कसा आहे, काय खातो, काय म्हणाला? मास्तरिणीनं सगळं सांगितलं. डोळ्यांना पट्टी आहे म्हणून सांगितलं आणि पुढल्या आठवड्यात ती निघणार असं तिथले लोक म्हणाले हेही सांगितलं. दिव्याचं बोलणं तेवढं सांगितलं नाही. ते तोंडातून बाहेरच पडेना.

मग बाकीच्यांचं सांगितलं. धाकटी हळूहळू सरळ बसली.

"हे तू छापणार?"

"छापावं लागेल."

"ताई, तो सुटून येऊ दे आधी. मग काय छापायचं ते छाप."

"आणि तोवर पायऱ्यांवरच्या लोकांना काय सांगू? मार्गात आहेत म्हणून?"

"सांग! काहीही सांग! इतके दिवस बसलेत, आणखी थोडे बसतील. मेलेल्यांना घाई नसते. माझा जिवंत आहे."

"तो स्वतः म्हणाला, निरोप गेला पाहिजे."

"तो पोरगा आहे! त्याला काय कळतंय?" धाकटीचा आवाज चिरकला. "तुला पोटचं असतं तर तू असं बोलली असतीस का?"

आजवर सगळ्या आयुष्यात धाकटीनं हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. मास्तरीण उठली. चपला घालताना तिला त्या सापडेनात, समोरच होत्या तरी.

दोन दिवस तिनं एक ओळ लिहिली नाही. संपादकांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली. कचेरीत मागच्या दारानं जायची, मागच्या दारानं यायची. तिसऱ्या दिवशी पोस्टमन मागच्या दाराशीच उभा होता. निवृत्त झाला होता, पण खाकी शर्ट अजून सुटला नव्हता.

"बाई, माझ्या धाकट्याचं काय ते सांगा."

"अजून नक्की काही..."

"बाई." त्यानं तिला थांबवलं. "लोकांच्या घरी मी तारा नेऊन दिल्यात. दारात उभं राहिल्यावर माझ्या तोंडाकडे बघूनच बायका रडायला लागायच्या. तुमचं तोंड मी परवाच पाहिलंय, तुम्ही रिक्षातून उतरताना. मला ठाऊक आहे. फक्त तुम्ही म्हणा. तुम्ही म्हटल्याशिवाय मी घरी जाऊन तिला कसं सांगू?"

मास्तरिणीनं त्याचा हात धरून त्याला पायरीवर बसवलं आणि सांगितलं. तो रडला नाही. "बरं," म्हणाला, आणि थोड्या वेळानं परत "बरं," म्हणाला.

त्या दिवशी ती घरोघर गेली. एकेका दारात उभी राहून तिनं एकेकाला सांगितलं. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला आणि साबण लावलेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून तो आत गेला. जुळ्यांच्या आईनं विचारलं, "कुठला? कुठला गेला?" आणि डावखुरा म्हटल्यावर तिनं आधी सुस्कारा टाकला, मग त्या सुस्काऱ्याबद्दल स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं. संध्याकाळी मास्तरीण टेबलाशी बसली आणि तिनं लिहिलं. मेलेल्या प्रत्येकाचं नाव घातलं. कडी बाहेरून होती तेही लिहिलं. माहिती कुणी दिली ते लिहिलं नाही. खाली स्वतःचं नाव टाकलं.

बातमीनं गदारोळ झाला. मोर्चा निघाला, मंत्र्यानं चौकशीचं आश्वासन दिलं, आणि आश्वासनांचं जे होतं ते झालं. गोडबोल्याचा एकदा फोन आला. तेव्हाही तो रागावला नव्हता.

"आपण अर्जात खोटं लिहिलंत, बाई. आपली एक बहीण आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"ते चार रुग्ण कसे आहेत?"

"कुठले रुग्ण?" तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

धाकटीचं दार बंद झालं. मास्तरीण रोज जायची, कडी वाजवायची, आतून मशीनचा आवाज यायचा, दार उघडायचं नाही. तिकडून काहीच खबर नव्हती. दुभाष्यानं सांगितलं की आणखी कुणी, की कुणीच सांगायची गरज नव्हती, याचा विचार करून करून तिचं डोकं फुटायची वेळ आली. लोक म्हणायचे, मास्तरिणीनं धाडस केलं. तिला ते शिवीसारखं लागायचं.

पाऊस पडून गेला, उन्हं कडक झाली. अशात एका दुपारी धाकटीकडून शेजारीण धावत आली. "चला लवकर, तुमच्या बहिणीनं बोलावलंय. गब्बू टीव्हीवर आहे."

धाकटीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवरची सगळी माणसं जमली होती. तिकडच्या सरकारी वाहिनीवरची मुलाखत आपल्या वाहिनीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. गब्बू इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसला होता. पट्टी निघाली होती, डोळे उघडे होते. गालांची हाडं वर आलेली.

"माझ्यावर चांगले उपचार झाले," तो म्हणत होता. "एक बाई आली होती. मी तिला ओळखत नाही. तिनं सगळं खोटं लिहिलं. आगीत कुणीही मेलेलं नाही. माझे सगळे सोबती सुखरूप आहेत, दुसऱ्या कारखान्यात काम करतायत."

जुळ्यांच्या आईनं टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा उजळला होता. "ऐकलंत? सुखरूप आहेत म्हणतोय! त्याच्या तोंडानं म्हणतोय!" तिनं वळून मास्तरिणीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत द्वेष होता. "काय हो, कुणाच्या पोराला मारताना तुमचा हात कसा धजावला?" न्हावीही तिच्याकडे बघत होता. त्याला विश्वास ठेवायचा होता. सगळ्यांनाच ठेवायचा होता.

पुन्हा एकदा दारोदार जाऊन तेच सांगायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

धाकटी टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती. मुलाखत परत सुरू झाली. ती काचेवर तोंड टेकल्यासारखी बघत राहिली.

"बारीक झालाय," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत बहिणीशी बोललेले तिचे हे पहिले शब्द. मग म्हणाली, "ताई, हा असा कुठं बघतोय गं? बोलणारा माणूस तर या बाजूला बसलाय."

मास्तरीण तिच्याजवळ खाली बसली.

"त्याला दिसत नाही," ती म्हणाली. "त्यानं तिथंच मला सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही."

धाकटीनं मान हलवली नाही. पडद्यावर गब्बूनं डोळ्यांची उघडझाप केली, हात चाचपडत पाण्याच्या पेल्याकडे नेला, कुणीतरी बाहेरून पेला त्याच्या हाताखाली सरकवला. जुळ्यांची आई अजून बोलत होती, डावखुऱ्यासाठी सदरा शिवायला टाकते म्हणत होती, तूच शिव गं, म्हणत होती.

धाकटी उठली. तिनं टीव्ही बंद केला. जुळ्यांच्या आईचे दोन्ही हात तिनं हातांत धरले.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या पोराचे डोळे गेलेत. आणि तो खोटं बोलतोय. तो खोटं बोलायला लागला ना, की लहानपणापासून असाच पाठ केल्यासारखा बोलतो." तिनं हात सोडले नाहीत. "तुमचा डावखुरा गेला. माझ्या ताईनं लिहिलं तेच खरं आहे."

पोस्टमन दाराजवळ उभा होता, त्यानं डोक्यावरची टोपी काढली. माणसं एकेक करून बाहेर पडली. जुळ्यांची आई मात्र बसूनच राहिली, हात तसेच धाकटीच्या हातांत ठेवून, आणि मास्तरीण त्या दोघींसाठी पाणी आणायला आत गेली.